मौनानंतरचे वृत्त

डॉम मोराइस हे नाव आमच्या धर्मग्रामांतील घरांत फारसे घेतले जात नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव ख्रिस्तपुराणामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे. तरी त्यांना आपण आपल्यातलेच मानतो. परंतु मुंबईत जन्मलेला, गोव्याकडील कॅथलिक घराण्यातला आणि वयाच्या विसाव्या वर्षी इंग्लंडमधील मानाचे पारितोषिक मिळवणारा हा कवी मात्र आपल्या वाचनाच्या कक्षेबाहेरच राहिला. ते इंग्रजीत लिहीत, हे एक कारण. श्रद्धावंत म्हणून त्यांची ख्याती नव्हती, हे दुसरे. दोन्ही कारणे खरी आहेत. तरीही त्यांच्या आयुष्यातील एका घटनेचा विचार मराठी ख्रिस्ती वाचकाने करावा, असे आम्हांला वाटते. सुमारे १७ वर्षे त्यांचा एकही नवा कवितासंग्रह आला नाही. आणि नंतर ते पुन्हा लिहू लागले तेव्हा वृत्त, यमक आणि कडवे या जुन्याच साधनांनिशी लिहू लागले.

हा विचार आमच्या मनात आला तो शेगावात. येथे श्रीगजाननमहाराजांच्या दर्शनासाठी येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ वर्षभर चालू असतो. महाराजांची समाधी झाली ती ८ सप्टेंबर १९१० रोजी. म्हणजे आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो त्याच तारखेला. दासगणूंनी रचलेल्या ‘श्रीगजानन विजय’ या ग्रंथाचे २१ अध्याय येथे घरोघरी वाचले जातात. कोणी एका बैठकीत वाचतात, कोणी रोज सात याप्रमाणे तीन दिवसांत पूर्ण करतात. आमच्या शेजारच्या काकूंकडे असेच पारायण चालू होते आणि भिंतीअलीकडे आम्ही मोराइस यांच्या कविता वाचत होतो. पारायण संपल्यावर काकूंना आम्ही सहज विचारले, की इतका वेळ सलग वाचून घसा दुखत नाही का? त्या म्हणाल्या, “ओवी असली का वाचाले सोपं जाते. आपला आपण दम भेटते.”

काकूंनी वृत्ताविषयी जे सांगितले ते आम्हांला अनेक समीक्षाग्रंथांतून मिळाले नव्हते. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. त्या चौथ्या चरणाशी वाचणाऱ्याचा श्वास टेकतो व पुढल्या ओवीसाठी पुन्हा भरतो. वृत्ताकडे आपण बहुधा अलंकार म्हणून पाहतो, किंवा बेडी म्हणून. वाचणाऱ्याला ते आधाराच्या काठीसारखे असते, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही.

आता मोराइस यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, मुंबईचा. वडील फ्रँक मोराइस हे नामवंत संपादक, आई बेरिल वैद्यकशास्त्र शिकलेली. वडिलांसमवेत लहानपणीच श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असा प्रवास घडला. घरात ग्रंथ होते, मोठमोठ्या माणसांची ये-जा होती, आणि आईच्या मनोविकाराची गडद छायाही होती. आपल्या ‘माय सन्स फादर’ या १९६८ च्या आत्मचरित्रात त्यांनी त्या बालपणाविषयी लिहिले आहे. १९५१ साली, अगदी कोवळ्या वयात, त्यांचे क्रिकेटवरील पुस्तक निघाले. पुढे ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात शिकत असताना १९५७ साली ‘अ बिगिनिंग’ हा पहिला संग्रह आला व त्याला १९५८ चे हॉथॉर्नडन पारितोषिक लाभले. १९६० साली ‘पोएम्स’ व १९६५ साली ‘जॉन नोबडी’ हे संग्रह आले. एवढे सारे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत.

त्यानंतर कविता थांबली. १९६६ साली आधीच्या कवितांचे संकलन अमेरिकेत निघाले, परंतु नव्या कवितांचे पुस्तक येण्यास १९८३ साल उजाडावे लागले. या काळात मोराइस हातावर हात ठेवून बसले होते असे मुळीच नाही. १९६८ साली ते भारतात परतले. त्यांनी युद्धवार्ता लिहिल्या, हाँगकाँगमध्ये मासिकाचे संपादन केले, जगाच्या लोकसंख्येच्या प्रश्नावर १९७४ साली पुस्तक लिहिले, १९८० साली इंदिरा गांधींचे चरित्र लिहिले. गद्य अखंड चालू होते. पद्य तेवढे आटले होते. ही बाब आम्हांला महत्त्वाची वाटते. लेखणी मोडली म्हणून कोणी गप्प बसतो ते वेगळे आणि लेखणी रोज चालत असताना कविता येत नाही ते वेगळे. दुसऱ्या प्रकारचे मौन अधिक जाचक असते, कारण ते बाहेरच्या कोणाला दिसतच नाही.

मौनाचा विचार करताना ख्रिस्ती वाचकाला लूककृत शुभवर्तमानातील जखऱ्या आठवल्याशिवाय राहणार नाही. देवदूताच्या शब्दावर त्याचा विश्वास बसला नाही आणि त्याची वाचा गेली. मुलाचा जन्म झाला, त्याने पाटीवर ‘योहान’ हे नाव लिहिले आणि त्याचे तोंड उघडले. महिनोन्‌महिने मुक्या राहिलेल्या या वृद्ध याजकाने प्रथम काय उच्चारले? काहीतरी अपूर्व, पूर्वी कोणी न ऐकलेले असे नव्हे. त्याचे स्तोत्र जुन्या करारातील स्तोत्रांच्या व संदेष्ट्यांच्या शब्दांनी विणलेले आहे. शब्द वाडवडिलांचे, चाल वाडवडिलांची. आनंद मात्र त्याचा स्वतःचा. आपले धर्मगुरू व व्रतस्थ भगिनी रोजच्या प्रातःप्रार्थनेत तेच स्तोत्र म्हणतात. वाचा परत मिळालेला माणूस प्रथम ओळखीच्या शब्दांकडे जातो, हे यावरून दिसते. दीर्घ आजारातून उठलेला माणूस अंगणातल्या वाटेनेच चालून पाहतो, तसे हे आहे.

आपल्या धर्मपरंपरेतील दुसरे प्रसिद्ध मौन फादर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांचे. १८६६ साली ते कॅथलिक झाले, १८६८ साली येशूसंघात गेले व जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या कविता जाळल्या. धर्मगुरूच्या जीवनाशी कवितेचा मेळ बसणार नाही असे त्यांना वाटले. सात वर्षे त्यांनी काव्यरचना जवळजवळ केलीच नाही. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉईचलँड’ हे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले. जर्मनीतील कायद्यांमुळे हद्दपार झालेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी त्यात बुडाल्या. यावर कोणी कविता लिहील तर बरे, असे त्यांचे वरिष्ठ सहज बोलले आणि हॉपकिन्स यांचे मौन सुटले. त्यांची रचना तेव्हा इतकी नवी भासली की येशूसंघीयांच्याच मासिकाने ती छापली नाही. परंतु त्या नवेपणाची मुळे जुनी होती. बालगीतांतील आघातांची लय, प्राचीन इंग्रजी कवितेतील अनुप्रास व वेल्श भाषेतील नादरचना हे त्यांचे आधार होते. १८८९ साली ते वारले. त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले ते १९१८ साली.

हॉपकिन्स यांचे मौन स्वेच्छेचे होते, व्रताचे होते. मोराइस यांच्या मौनाला असे तेज देण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. त्यांनी कविता देवाला वाहिली नव्हती. ती त्यांच्यापासून निघून गेली होती. लहान वयात मिळालेली कीर्ती, भटकंती, मद्य, मोडलेले संसार हे सारे त्यांच्या आयुष्यात होते आणि त्यांनी स्वतः ते लपवले नाही. म्हणून त्यांच्या परतण्याला आम्ही धार्मिक अर्थाने पश्चात्ताप म्हणणार नाही. उधळ्या पुत्राचा दाखला येथे चटकन सुचतो, परंतु तो पूर्णपणे लागू पडत नाही. हा पुत्र पित्याच्या घरी परतल्याची नोंद नाही. तो परतला तो आपल्या कामाकडे. तेवढेच आपण म्हणावे, आणि तेवढेही थोडे नाही.

१९८३ साली ‘ॲब्सेन्सेस’ हे छोटे पुस्तक निघाले. नावाचा अर्थ ‘अनुपस्थिती’. १९८७ साली ३० वर्षांच्या कवितांचा संग्रह पेंग्विनने प्रसिद्ध केला आणि १९९० साली ‘सेरेन्डिप’ आला. त्याला १९९४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. सेरेन्डिप हे श्रीलंकेचे जुने नाव. म्हणजे बालपणी पाहिलेल्या बेटाकडे कवी मनाने पुन्हा गेला. मधल्या काळात आजूबाजूचे वातावरण पालटले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवींपैकी अनेकांनी मुक्तछंद आपलासा केला होता. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६ ची. तिची बोलकी, कोरडी, सैल वाटणारी रचना तरुणांच्या कानात बसली होती. मराठीत तर मुक्तछंद हाच कवितेचा स्वाभाविक वेश ठरला होता. अशा वेळी १७ वर्षांनी परतणाऱ्या कवीने काळाशी जुळवून घेण्यासाठी नवा वेश केला असता तर कोणी नवल केले नसते. मोराइस यांनी तसे केले नाही. मोजलेली ओळ, बांधलेले कडवे, कधी पूर्ण तर कधी अर्धे यमक हीच त्यांची वाट राहिली, आणि अखेरच्या वर्षांत ते सुनीताकडे वळले.

येथे एक शंका रास्त आहे. जुने वृत्त हा जुन्या यशाचा आश्रय तर नव्हता? पूर्वी ज्या दारातून कीर्ती मिळाली तेच दार पुन्हा ठोठावणे, असे तर नव्हे? या शंकेचे उत्तर दोन्ही काळांतील कविता शेजारी ठेवूनच मिळते. तरुण मोराइस यांच्या कवितेत राजपुत्र, सरदार, अजगर आणि स्वप्नातील प्रदेश पुष्कळ आहेत. लय इतकी गोड की वाचक तिच्यावर तरंगत जातो आणि कवितेचे दुःख त्याला टोचत नाही. आमच्या मते ही त्या कवितेची उणीव होती. वृत्त तेथे जखमेवर घातलेल्या भरजरी शेल्यासारखे वावरते. नंतरच्या कवितेत साधने तीच, पण वापर निराळा. वाक्ये आखडली आहेत. विशेषणे गळली आहेत. बाबर, सिंदबाद यांसारख्या भटक्यांच्या व घर सुटलेल्यांच्या तोंडून कवी बोलतो. त्यांचे वय झाले आहे, आणि परत जायला देश उरलेला नाही. यमक येथे कान सुखावण्यासाठी येत नाही. बोलणाऱ्याचा तोल जाऊ नये म्हणून येते. शेजारच्या काकू ज्याला ‘दम भेटणे’ म्हणाल्या, तेच हे.

ज्या दुःखाला आकार नाही ते मांडण्यासाठी आकार असलेले भांडे लागते, हा अनुभव मराठी कवितेला नवा नाही. बा. सी. मर्ढेकरांनी महायुद्धाच्या काळातील माणसाची दैना सांगताना अभंग-ओवीचाच आधार घेतला. आमच्या शेजारच्या खानदेशात बहिणाबाई चौधरींनी जात्यावर व शेतात ओव्या रचल्या, त्यांत वैधव्यही आहे आणि विहिरीची मोटही आहे. जुने वृत्त म्हणजे जुनाट आशय, हे समीकरण आपण कधीचेच सोडून द्यावयास हवे होते.

मोराइस यांच्या उत्तरकालीन कवितेतही दोष आहेत. मुखवट्यांचा वेश कधी कधी इतका जड होतो की आतला माणूस दिसत नाही. भारतातील भूमी व माणसे यांच्याकडे ते पुष्कळदा पाहुण्याच्या नजरेने पाहतात. त्यांच्या कवितेत ख्रिस्ती प्रतिमा येतात, परंतु त्या लहानपणी ऐकलेल्या गोष्टींसारख्या येतात, प्रार्थनेसारख्या नव्हेत. भक्तिकाव्याची अपेक्षा घेऊन जाणारा वाचक निराश होईल, हे आधीच सांगितलेले बरे.

परंतु त्यांच्या परकेपणाचा दोष केवळ त्यांच्या माथी मारणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. त्यांच्या पूर्वजांच्या गोव्यात काय घडले ते आठवावे. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती जनांसाठी त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. इंग्लंडमधून आलेल्या धर्मगुरूने ओवी आपलीशी केली होती! पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराणाची पुढची छापील आवृत्ती निघाली ती १९०७ साली, मंगळूरहून, रोमन लिपीत. देवनागरीत ते वाचकांच्या हाती पडले १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे. म्हणजे मुद्रणापुरते बोलायचे तर आपल्या ओवीचे मौन अडीचशे वर्षांचे होते. हस्तलिखितांतून व कंठांतून ती तगून राहिली म्हणूनच परतू शकली. ज्या समाजाच्या जिभेवर अशी बंदी आली, त्यातील एका घराण्याचा मुलगा अनेक पिढ्यांनी इंग्रजीखेरीज अन्य भाषेत कविता करू शकला नाही, यात त्याचा अपराध किती आणि इतिहासाचा किती, हे आपणच ठरवावे.

मोराइस यांच्या अखेरच्या दिवसांविषयी थोडे. त्यांना कर्करोग झाला होता. २००२ व २००३ साली सरयू श्रीवत्स यांच्यासमवेत लिहिलेली त्यांची दोन पुस्तके आली. त्यांतील दुसरे थॉमस कोरिएट या प्रवाशाविषयीचे. हा गृहस्थ सतराव्या शतकात इंग्लंडमधील ऑडकोम या खेड्यातून निघाला, पायी भारतात आला व १६१७ साली सुरतेस मरण पावला. २००३ सालीच मोराइस यांचा ‘टाइप्ड विथ वन फिंगर’ हा काव्यसंग्रह निघाला. आजारपण व मृत्यू यांविषयीची त्यांची अखेरची सुनीते वाचताना आमचे मन हेलावले. कारण १४ ओळींच्या त्या चौकटीत कुठेही आक्रोश नाही. २ जून २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्याच वर्षी १९ जुलैस, त्यांच्या जन्मदिनी, त्या कबरीची माती ऑडकोमला नेऊन पुरण्यात आली. आयुष्यभर घर शोधणाऱ्या माणसाची माती दोन देशांत विसावली.

आता आमच्या स्वतःच्या एका चुकीविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहे. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाच्या संपादनास आम्ही हातभार लावत होतो. खेड्यातील एका निवृत्त मास्तरांनी आपल्या ओव्या पाठवल्या. विषय साधेच होते: दुष्काळातील उपासकाळ, नाताळची मध्यरात्र, मुलाचे शहरात निघून जाणे. “रचना जुन्या वळणाची असल्याने स्वीकारता येत नाही,” असे दोन ओळींचे पत्र आम्हीच लिहिले. त्या काळी आम्हांला ते समीक्षकाचे कर्तव्य वाटले. त्यानंतर मास्तरांकडून काही आले नाही. मागील वर्षी एका लग्नात गाठ पडली तेव्हा आम्ही संकोचाने विचारले, “सर, हल्ली लिहिता का?” ते हसून म्हणाले, “लिहितो ना. पाठवत नाही, इतकंच.”

ते उत्तर ऐकल्यापासून मौनाविषयीचे आमचे मत पालटले आहे. काही मौने कवीच्या आतून येतात, मोराइस यांचे तसे होते. काही व्रताने येतात, हॉपकिन्स यांचे तसे. काही सत्तेच्या हुकुमाने येतात. आणि काही मौने आमच्यासारख्यांच्या दोन ओळींच्या पत्राने येतात. मास्तरांच्या ओव्या मोठे काव्य होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. त्यांत ढिलाई होती, यमकासाठी ओढूनताणून आणलेले शब्द होते. ते दोष दाखवून देणे हे आमचे काम होते. ओवी हाच दोष ठरवणे, हे मात्र आमचे काम नव्हते.

मोराइस यांना मोठे प्रकाशक होते, नाव होते, इंग्रजीचा विस्तीर्ण वाचकवर्ग होता. म्हणून १७ वर्षांनंतरही त्यांच्यासाठी दार उघडे राहिले. आपल्या धर्मग्रामांतील लिहिणाऱ्यांना असे कोणते दार आहे? उत्तर द्यायचे तर आपल्या या पानांकडेच बोट दाखवावे लागेल. म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. आपल्या घरात आजोबांची, मावशीची, एखाद्या वयस्क भगिनीची ओव्यांची वा अभंगांची वही असेल तर ती रद्दीत घालू नका. वाचून पाहा, मोठ्याने वाचा, कारण वृत्त डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते. लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिला विचारा, की पुढे काही लिहिले आहे का. मास्तरांना आम्ही पत्र पाठवले आहे, आणि या खेपेस ते दोन ओळींचे नाही.